दोन दारांची गाडी

"डावा आरसा म्हणजे काय दुधाची पिशवी आहे का, रोज उठून आणायला?"

कुरकुर मेकॅनिकची होती आणि प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून येत होती. अलीकडे ती, गाडी शिकवणारी बाई, बाटलीत पाणी भरत उभी होती. ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस एवढंसं, की पलीकडच्याने जांभई दिली तर अलीकडच्याला झोप यावी. मालक त्यावर काहीतरी पुटपुटले आणि मेकॅनिकचा आवाज एकदम खाली गेला. तिने नळ बंद केला. आवाज चढा असतो तोवर बोलणं गाडीबद्दल असतं आणि उतरला की माणसाबद्दल, एवढं तिला या धंद्यात राहून कळलं होतं. पार्टिशनला वळसा घालून ती आत गेली, तर दोघंही भिंतीवरच्या वाहतुकीच्या खुणांकडे जन्मात पहिल्यांदा बघत असल्यासारखे बघत होते. "या मॅडम, तुमचाच विषय चालला होता," मालक म्हणाले. काय विषय, असं तिने विचारलं. "हेच, की किती वर्षं तुम्ही ऊन आणि धूळ खाताय. आता जरा आत बसा. खुणा, नियम, असा वर्ग घ्या. पंख्याखाली." "आणि माझ्या गाडीवर कोण?" मालकांनी मेकॅनिककडे पाहिलं. मेकॅनिकने हातातल्या तडकलेल्या आरशाकडे पाहिलं. "बघू. अजून काही ठरलेलं नाही," मालक म्हणाले. म्हणजे ठरलं होतं.

तिची गाडी म्हणजे तिची डावीकडची सीट. शिकणारा स्टिअरिंगवर आणि त्याच्या शेजारी ती, पायाखाली जादाचा ब्रेक आणि जादाचा क्लच घेऊन. अ‍ॅक्सिलरेटर तेवढा तिच्या बाजूला नव्हता. आपण अर्धं आयुष्य लोकांना थांबवण्यात घालवलं, असं ती हसत सांगायची. शिकणाऱ्यांत तिचं नाव ब्रेकवाल्या मॅडम होतं आणि हे नाव आपल्याला आवडतं हे तिने कोणाला कळू दिलं नव्हतं. डावी बाजू तिची होती. नवशिक्याला उजवीकडचं सगळं समजतं, कारण तो स्वतः तिथे बसलेला असतो. डावीकडे आपण किती पसरलो आहोत याचा त्याला पत्ता नसतो. फुटपाथची कड, टेकवून ठेवलेल्या सायकली, उघडणारी दारं, पिशवी सावरत मधेच खाली उतरणारी माणसं, हे सगळं तिचं अंगण. स्वयंपाक तिला बेताचा यायचा, शिवण तर नाहीच, कॉलेजात ती गेली नव्हती. पण त्या सीटवर बसलं की डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सगळे घाबरून तिच्या पायाच्या भरवशावर रस्त्यावर उतरत. ती सीट गेली तर आपल्याकडे काय राहतं, हा विचार तिने पंख्याखाली बसून सुरू केला आणि पुरा न करता उठली.

हे एकाएकी झालेलं नाही असा तिला संशय होता. हल्ली सगळेच तिच्याशी काहीतरी लपवाछपवी करत होते. माणसं पूर्वीसारखी समोरून चालत येत नव्हती. कडेकडेने, दबकत यायची आणि एकदम शेजारी उगवायची. ऑफिसातला शिपाई चहा घेऊन असाच उगवायचा आणि तिच्या कोपराचा धक्का लागून चहा सांडला की वर तिचीच माफी मागायचा. चूक नसताना माफी मागणाऱ्या माणसाचा तिला फार राग यायचा. घरी नवराही तसाच. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता, तक्रार यायच्या आधी स्क्रू आवळून मोकळा होणारा माणूस, त्यामुळे त्याचं न बोलणं तिच्या सवयीचं होतं. पण बुटांचा स्टँड त्याने दाराच्या एका बाजूचा उचलून दुसऱ्या बाजूला का ठेवला? विचारलं तर म्हणाला, "तिकडे ओल येते." भिंत हाताने चाचपून पाहिली तर कोरडी ठणठणीत. बरं, डोक्यावर केस उरलेत मूठभर, तरी हल्ली सारखा कापून घ्यायला जायचा, आणि जायचा तो हिच्याच मैत्रिणीच्या सलूनमध्ये. येताना चेहरा असा, की जणू केस सोडून दुसरंच काही तिथे ठेवून आलाय. तिने एकदा सरळ विचारलं, "काय बोलता रे तुम्ही दोघं एवढं?" तो म्हणाला, "मी कुठे बोलतो? तीच बोलते. कात्री तिच्या हातात असते."

आणि नर्सबाईंचा तो प्रसंग. त्याला ती मनात 'प्रसंग' म्हणत नव्हती, 'तो दिवस' म्हणत होती. नर्सबाई शिकायला येणाऱ्यांतल्या हुशार. बोट दाखवलं की गिअर पडायचा. भाजीबाजाराच्या कडेने गाडी सावकाश चालली होती, ती त्यांना क्लचबद्दल काही सांगत होती, आणि गाडी खाडकन थांबली. तिने थांबवलेली नव्हती. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याशी, हात टेकता येईल इतक्या जवळ, एक आजोबा काठी उगारून उभे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शिकणाऱ्या बाईने शिकवणाऱ्या बाईच्या आधी ब्रेक मारला होता. "छान," ती म्हणाली, "मी बघतच होते, तुम्ही मारताय की नाही." नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहून बघावं तसं. पुढच्या आठवड्यापासून त्या सकाळच्या तुकडीत गेल्या, दुसऱ्या मास्तरांकडे. वेळ जमत नाही म्हणाल्या. आजोबा कुठून आले हे तिला आजतागायत कळलं नव्हतं. जमिनीतून.

तर अशा दिवसांत मैत्रिणीचा फोन आला, की गाडी घेतलीय, स्पोर्ट्स कार, चालवून बघ. ही सलूनवाली मैत्रीण एकेकाळी तिच्याच हाताखाली गाडी शिकली होती आणि परीक्षेत इतक्यांदा नापास झाली होती की परीक्षा घेणारा साहेब तिला नावाने हाक मारायला लागला होता. गाडी जुनीच, कोणाकडून तरी घेतलेली, पण दोन दारांची, पिवळीधमक आणि इतकी बुटकी की पार्किंगमध्ये दोन साध्या गाड्यांच्या मधे ती कोणीतरी विसरून गेलेल्या चपलेसारखी दिसत होती. "नवऱ्याने सोडल्यावर बायका केस कापतात," मैत्रीण म्हणाली होती. "मी रोज दुसऱ्यांचे कापते, मला त्याचं काय अप्रूप? म्हणून गाडी घेतली." हे ठीक. पण चालवायला मला कशाला? ती फोन ठेवून हाच विचार करत होती तोच नवरा शेजारी उगवला आणि म्हणाला, "जा की. मजा येईल." मजा हा शब्द त्या माणसाने लग्नानंतर वापरलेला तिला आठवत नव्हता. फोन कोणाचा, कशाबद्दल, हे तिने त्याला अजून सांगितलंही नव्हतं.

गाडीत बसणं म्हणजे जमिनीवर बसणंच होतं, फक्त पाय लांब करून. सीटने तिला दोन्ही बरगड्यांना धरलं. लहानपणानंतर इतकं घट्ट कोणी धरलं नव्हतं. आत जुन्या चामड्याचा वास होता आणि त्याच्यावर केसांच्या रंगाचा, म्हणजे मैत्रिणीचा. चावी फिरवल्यावर इंजिनाने एखाद्या वडीलधाऱ्याने दिवाणखान्यात खाकरावं तसा आवाज केला. तिचा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर गेला आणि तिथेच थबकला. स्कूलची गाडी स्कूलमध्येच राहायची, घरी ती बसने यायची, स्वतः चालवून किती काळ लोटला हे तिलाच आठवेना. मग तिने पाय टेकवला आणि गाडी अशी निघाली, की पोटातलं काहीतरी मागेच पार्किंगमध्ये राहिलं. ती हसली. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. स्टिअरिंग लहान आणि ताठ. रस्त्यावरची खडी न् खडी तळव्यांना कळत होती, आंधळ्या माणसाला बोटांनी चेहरा कळावा तशी. शेजारून गेलेल्या ट्रकचं चाक थेट तिच्या चेहऱ्यासमोर फिरलं. सिग्नलला लोक वाकून बघत होते. आपल्याला कोणी वाकून बघावं असं आपण काय केलं, असं वाटून तिची मान अवघडली, पण ते अवघडलेपणही छान होतं. "कशी आहे?" मैत्रीण म्हणाली. "लबाड आहे," ती म्हणाली. "पाय नुसता ठेवला तरी पळते. माझ्या हाताखालच्या एकाही पोराला मी ही देणार नाही." "आणि तुला दिली तर?" "मला देऊन तुला काय मिळणार आहे?" हे ती थट्टेत म्हणाली, पण मैत्रिणीने थट्टेत घेतलं नाही. ती गप्प राहिली की सलूनमधली गिऱ्हाइकं घाबरून आरशात बघतात म्हणे.

हमरस्त्याला लागू या असं तिने म्हटल्यावर मैत्रीण म्हणाली, "नको. बंद कारखान्याच्या आवारात घे." कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, त्याच्या भोवतीने जाणारा रुंद, रिकामा रस्ता नवशिक्यांना आणि फिरायला येणाऱ्यांना मोकळा होता. असली गाडी घेऊन कोणी कारखान्याला प्रदक्षिणा घालतं का? तिच्या मनात सरसर पत्ते पडायला लागले. मैत्रिणीला गाडी विकायची असेल, नवऱ्याला गळ घातली असेल आणि तो भोळा हो म्हणून बसला असेल. किंवा मैत्रीण आणि मालक यांचं काही असेल. मालकही तिथेच केस कापतात. किंवा नवरा आणि मैत्रीण. हा पत्ता तिने हातात बराच वेळ धरून पाहिला. मूठभर केसांसाठी कोण कोणावर जीव टाकतं, असं म्हणून ती तो खाली ठेवायला गेली, पण तो मजा हा शब्द काही जाईना. "उजवीकडून फेरी घे," मैत्रीण म्हणाली, "सावकाश. आणि एक कर, मला लावायचीस ना तसं. दिसेल ते मोठ्याने बोलत चालव."

ही तिची शिकवण्याची रीत होती, दुसऱ्या कोणत्या शाळेत नव्हती. शिकणाऱ्याने गाडी चालवताना दिसेल ते तोंडाने बोलायचं, समोर बस, बसमागे स्कूटर, उजवीकडे मूल, चेंडू नाही पण येईल. जे तोंडात आलं नाही ते पाहिलंच नाही असं ती धरून चालायची. डोळा खोटं बोलतो, समोरचा रस्ता आपण पाहिलाय अशी ज्याचा डोळा त्याचीच समजूत करून देतो. तोंडाला तेवढी हुशारी नसते. ही रीत तिने कोणाकडून घेतली नव्हती. आईला दिसायचं कमी झालं तेव्हा घरातलं कोणी काही बोललं नव्हतं. आईचा खांदा चौकटीवर आपटला की आई म्हणायची, सुताराने दार अरुंद केलंय. ताट चाचपडताना वाटी कलंडली की म्हणायची, सून मुद्दाम कडेला वाढते. घरातल्यांनी काय केलं, तर खुर्च्या हलवल्या, मेज हलवलं, कंदील हलवला, आईला लागेल असं सगळं हळूहळू, न बोलता बाजूला सरकवलं. आणि आईला वाटत राहिलं, आपल्या घरात आपल्या पाठीमागे सगळे मिळून काहीतरी कट करताहेत. कट होताच की. त्या घरात लहानपणी तिची जीभ शिवशिवायची, की कोणीतरी मोठ्याने बोला. एवढी सगळी माणसं, एकालाही तोंड नाही.

"समोर गतिरोधक," तिने सुरुवात केली. "उजवीकडे पाण्याची टाकी. टाकीखाली कुत्रा, झोपलाय, उठणार नाही. समोरून शिकाऊ गाडी, आमची नाही, क्लच जाळतोय बिचारा. उजवीकडे गेट, बंद. दोन बायका चालताहेत, एकीच्या बुटाची नाडी सुटलीय." "नाडीसुद्धा दिसली?" मैत्रीण म्हणाली. "म्हणून तर पगार देतात." मैत्रीण हसली. तिला बरं वाटलं. बोलता बोलता पाय सैल झाला, गाडी तिच्या हाताखाली मांजरासारखी लांब झाली. असं स्वतःचं बोलणं ऐकत चालवायला काय सुंदर वाटतं, हे आपण इतक्यांना शिकवलं आणि स्वतः कधी केलं नाही. वळण. वाळलेलं झाड. उजवीकडे पुन्हा तीच टाकी. फेरी पुरी झाली. "पुन्हा घे," मैत्रीण म्हणाली. आवाज होता नुसता. तिच्या ध्यानात आलं की निघाल्यापासून मैत्रीण म्हणजे एक आवाज आणि एक वास आहे. तिचा चेहरा आपण पाहिलेलाच नाही.

दुसऱ्या फेरीत ती बोलत होती, पण आता अर्धा जीव आवाजाकडे होता. मैत्रीण हसत नव्हती. "समोर मोकळं. उजवीकडे पाइप रचलेत," ती म्हणाली, आणि शेजारी बुटाची टाच गाडीच्या तळावर घट्ट दाबल्याचा आवाज झाला. हा आवाज तिला ठाऊक होता. जादाचा ब्रेक नसलेल्या गाडीत बसलं की तिचा स्वतःचा पाय असाच नसलेला ब्रेक दाबायचा. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा. मग गिअर बदलायला तिने हात खाली नेला तेव्हा बोटांना काहीतरी लागलं, आणि मान घालून पाहिलं तर हँडब्रेकवर मैत्रिणीचा हात होता. पकडलेला नव्हता. सहज ठेवल्यासारखा, बोटं किंचित वाकलेली, जणू दुसरी जागा नाही म्हणून ठेवलाय. असा हात ठेवायला तिने स्वतः कित्येक वर्षांत शिकून घेतलं होतं. शिकणाऱ्याला कळू नये म्हणून चेहरा मोकळा, बोलणं हवापाण्याचं, पाय तयार आणि हात तिथे. तोंडाने म्हणायचं, छान चाललंय. आणि शिकणाऱ्याने काय सांगितलं यापेक्षा काय सांगितलं नाही ते मोजत राहायचं. ही बाई गाडी दाखवायला आलेली नव्हती. ही तिच्या सीटवर बसली होती.

नवरा, केस, मालक, मेकॅनिकचा उतरलेला आवाज, ओल नसलेली भिंत, हे सगळे पत्ते एका हाताने गोळा केल्यासारखे एकत्र झाले. तिला राग आला, आणि तो राग तिला ओळखीचा वाटला. आई सुतारावर चिडायची तो. तिने वेग कमी केला आणि मान वळवली. नजर नाही, मान. खांद्यापर्यंत पुरी, डावीकडे.

तिथे आवाराची लांबच लांब भिंत होती आणि भिंतीला माणसं लागली होती. शिड्या लावून, बादल्या टांगून रंगारी रंग देत होते. एक जण शिडीच्या पायथ्याशी रस्त्यात पाय पसरून डबा खात होता. त्याच्या पायांपासून तिची गाडी दोन्ही फेऱ्यांना किती अंतराने गेली असेल याचा हिशेब तिने केला. पुढे चाकांचा वॉकर ढकलत एक आजी रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या आणि गाडीकडे असं बघत होत्या, की ही त्यांनी आधीही पाहिलेली आहे. ती मनातल्या मनात म्हणाली, आत्ता आले असतील. हल्ली माणसं अशीच उगवतात. पण भिंत अर्ध्याहून जास्त रंगवून झाली होती. सुरुवातीचा रंग वाळून फिका पडला होता. सकाळपासूनचं काम होतं ते. कोणी उगवलेलं नव्हतं. सगळे होतेच.

तिने गाडी कडेला घेतली. कडेला घेताना मैत्रिणीचा हात हँडब्रेकवर घट्ट झाला आणि मग, चाकं थांबल्यावर, कोणी पाहिलं नाही असं समजून मांडीवर परत गेला. इंजिन बंद केल्यावर रंगाऱ्यांचा रेडिओ ऐकू यायला लागला. म्हणजे रेडिओही होता. तिने आता मैत्रिणीकडे नीट वळून पाहिलं. मैत्रिणीने ओठांना रंग लावला होता आणि तो खालच्या ओठावरून सगळा चावून खाल्लेला होता. बाकी चेहरा सलूनमध्ये गिऱ्हाइकाला 'थोडेच गळताहेत, सगळ्यांचे गळतात' म्हणताना करायची तसा केलेला.

"खूप खाली आहे गं ही गाडी," मैत्रीण म्हणाली. "इतक्या खालून कोणालाच काही दिसत नाही. मीसुद्धा परवा खांब घासला."

"हं."

"आणि ही काच. पुढची काच किती वाकडी आहे बघ. कडेचं सगळं त्यात गायब होतं. मेकॅनिकला दाखवायला पाहिजे."

"त्याने पाठवलं तुला?"

"कोणी?" मैत्रीण म्हणाली, आणि मग लगेच, जास्तच भरभर, "पाठवायचं काय त्यात? केस कापताना माणूस काहीबाही बोलतो. काळजी करतो बिचारा तुझी. तू दगदग करतेस म्हणाला. दगदगीने होतं असं. झोप झाली नाही की माझंही डोकं चालत नाही. आणि हे रंगारी तरी बघ, रस्त्यात पाय टाकून जेवायला बसतात, कोणाच्या बापाचा रस्ता आहे? आणि मालकांचं काय, त्यांना तर निमित्तच हवं असतं."

ती ऐकत होती. गाडी खाली आहे, काच वाकडी, दगदग, झोप, लोकच तसे, मालकांना निमित्त हवं. यातलं एकही वाक्य मैत्रिणीचं नव्हतं. सगळी तिची स्वतःची होती, गेले कित्येक महिने तिने मनात घासून-पुसून ठेवलेली. फक्त दुसऱ्याच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकायला मिळत होती, आणि दुसऱ्याच्या तोंडात ती किती लुळी पडत होती. मैत्रिणीचे डोळे भरले होते. तिला नाही म्हणायची सवय नव्हती, गिऱ्हाइकाला तर नाहीच. आता ही जाऊन तिच्या नवऱ्याला सांगणार, नाही जमलं बाई मला. आणि तो उद्या स्वयंपाकघरातला ओटा मोकळा करील, परवा पलंग भिंतीकडे सरकवील. मालक पंख्याखाली खुर्ची टाकतील. सगळे मिळून, प्रेमाने, तिच्याभोवतीचं एकेक सामान हलवत राहतील, आणि एखाद्या दुपारी कोणीतरी आजोबा पुन्हा बॉनेटसमोर उभे असतील आणि स्टिअरिंगवर नर्सबाईंइतकं हुशार कोणी नसेल.

"खरंच सांगते," मैत्रीण म्हणत होती, "दुसऱ्या एखाद्या उंच गाडीत तू बसलीस ना, तर—"

"गाडीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मला डावीकडचं दिसत नाही."